सावली पावलाएवढी होईपर्यंत : उन्हाळ्यातल्या राणीच्या बागेचा हिशेब

५३ एकर जमीन. ३,२१३ झाडे. झाडांच्या २८६ जाती. चौघांच्या कुटुंबाचे तिकीट १०० रुपये. आणि एका दिवसात येऊन गेलेल्या माणसांचा आकडा ३२,८२०.

भायखळ्याच्या राणीच्या बागेचे हे पाच आकडे. मे महिना लागतो, शाळा बंद होतात, गावाकडची भाचरे मामाकडे मुंबईला येतात आणि घरोघरी बागेचा बेत शिजू लागतो. त्या चर्चेत पहिला प्रश्न असतो तिकिटाचा आणि दुसरा पेंग्विनचा. मग रविवार ठरतो, निघता निघता अकरा वाजतात, बागेत पोचेपर्यंत बारा. एकच्या सुमारास धाकटा रडायला लागतो, आजी मिळेल त्या कट्ट्यावर टेकते, वाघ पाठ करून झोपलेला असतो आणि घरी आल्यावर सगळे म्हणतात की एवढे काही दिसले नाही.

बागेत बघण्यासारखे पुष्कळ आहे. चुकतो तो हिशेब. उन्हाळ्यातला हा दिवस तीन गोष्टींवर उभा असतो : घड्याळात किती वाजले आहेत, डोक्यावर सावली किती आहे आणि आजूबाजूला माणसे किती आहेत. तिन्ही गोष्टी मोजता येतात. त्या आधी मोजून निघालेल्या कुटुंबाला हीच बाग मे महिन्यातही भरभरून देते.

आधी बाग, मग प्राणी

हिशेबाची सुरुवात जुन्या सालांपासून करू. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ही बाग लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिचे नाव होते व्हिक्टोरिया गार्डन्स. राणीची बाग हे लोकांनी केलेले त्याचे मराठी रूप. ती उभारली होती बागकामाला वाहिलेल्या एका संस्थेने. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली आणि प्राणिसंग्रहालय सुरू झाले १८९० मध्ये.

१८६२ आणि १८९० यांत २८ वर्षांचे अंतर आहे. एक अख्खी पिढी या बागेत फक्त झाडांसाठी येत होती. आजच्या अधिकृत नावातही तोच क्रम टिकून आहे : वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. वनस्पती आधी, प्राणी नंतर.

उन्हाळ्यात हा क्रम फार उपयोगी पडतो. ५३ एकर म्हणजे सुमारे २३ लाख चौरस फूट. त्याला ३,२१३ झाडांनी भागले की एका झाडाच्या वाट्याला सरासरी ७१८ चौरस फूट येतात, म्हणजे साधारण २७ फूट लांब आणि २७ फूट रुंद असा एक चौकोन. पूर्ण वाढलेल्या वर्षावृक्षाचा घेर याच्या कितीतरी पट पसरतो. वड आणि चिंचही कमी जागेवर भागवत नाहीत. इमारती आणि मोकळी अंगणे वजा केली तर उरलेल्या जागेत एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या फांदीत शिरलेली असणार, हे नुसत्या भागाकारावरून कळते. मुंबईच्या दाट वस्तीत, गिरण्यांच्या आणि चाळींच्या जुन्या परिसरात, एवढी सलग सावली क्वचितच सापडेल.

म्हणूनच २००७ नंतर पुनर्विकासाच्या आराखड्यामुळे झाडांवर गदा येईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा मुंबईतल्या नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून ही झाडे राखण्याचा आग्रह धरला. आज आपण मुलांना घेऊन ज्या सावलीत उभे राहतो, ती काही प्रमाणात त्या आग्रहाचीही सावली आहे.

तेहतीस अंशांचा खरा अर्थ

मुंबईत मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. नागपूरकराला किंवा जळगावकराला हा आकडा सौम्य वाटेल. मुंबईत त्यासोबत आर्द्रता येते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर ३३ अंश शरीराला ४१ अंशांसारखे जाणवतात. कारण साधे आहे. घाम वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातो आणि दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता वाहत राहतो.

हे ४१ अंशही सावलीतले. जाणवणाऱ्या तापमानाची कोष्टके सावली आणि मंद वारा गृहीत धरून केलेली असतात. थेट उन्हात त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. म्हणजे एकाच बागेत, एकाच क्षणी, दहा पावलांच्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन भावंडांपैकी एकाला ४१ आणि दुसऱ्याला ४९ अंशांसारखी हवा जाणवू शकते. एक झाडाखाली आहे, दुसरा कठड्याला टेकून उन्हात.

हा ८ अंशांचा फरक लहान मुलांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा ठरतो. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे उन्हाची झळ त्यांच्या अंगात लवकर शिरते. शिवाय खेळाच्या आणि उत्सुकतेच्या नादात तहान लागल्याचे ती सांगत नाहीत. आजीआजोबांनाही वयोमानाने तहान कमी जाणवते. दोन्ही टोकांची माणसे सोबत असताना मधल्यांनी घड्याळ बघून पाणी द्यायचे असते.

शून्य सावलीची बारी

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचे हे दोन दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतात. जुलैमध्ये ढग असतात, त्यामुळे प्रत्यक्ष अनुभवता येतो तो मे महिन्यातला. हा योग शाळेच्या सुट्टीच्या ऐन मध्यावर येतो आणि बागेच्या बेतात याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नाही. चार फूट उंचीच्या मुलाची सावली मेच्या मध्यावर मुंबईत कोणत्या वेळी किती लांब पडते, याचे गणित असे :

सकाळी ९.३० : पावणेचार फूट
सकाळी १०.३० : सव्वादोन फूट
सकाळी ११.३० : एक फुटाहून किंचित जास्त
दुपारी १२.०० : सात इंच
दुपारी १२.३५ : शून्य
दुपारी २.०० : दीड फूट
दुपारी ३.३० : साडेतीन फूट
संध्याकाळी ५.०० : साडेसात फूट

भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या बरीच पूर्वेकडून जाणाऱ्या रेखावृत्तावर ठरते. त्यामुळे आपली खरी मध्यान्ह घड्याळात बाराला येत नाही, बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास येते. म्हणून दुपारच्या उन्हाची वेळ बारा ते तीन समजण्यापेक्षा साडेअकरा ते साडेतीन अशी धरलेली बरी.

याचा बागेतला अर्थ काय? सकाळी साडेनऊला भिंतीची, कुंपणाची, तिकीटखिडकीच्या छपराची सावली जवळजवळ त्यांच्या उंचीइतकी लांब पडते. रांगेत उभे राहिले तरी कडेने आडोसा मिळतो. साडेबाराला या सगळ्या सावल्या आपापल्या पायाशी गोळा झालेल्या असतात. अशा वेळी सावली देणारी एकच गोष्ट उरते, डोक्यावर आडवी पसरलेली फांदी. उभ्या वस्तूंची सावली घड्याळाबरोबर आखडते, वृक्षाची भर दुपारीही टिकते. बागेचा नकाशा हातात घेतल्यावर पिंजऱ्यांच्या आधी मोठ्या झाडांच्या वाटांवर बोट ठेवायचे ते याचसाठी.

प्राण्यांचे घड्याळ

बाग साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा अशी साडेआठ तास खुली असते आणि तिकीटखिडकी त्याच्या बरीच आधी बंद होते. आता हे साडेआठ तास प्राण्यांच्या दिनक्रमावर ठेवून पाहा.

वाघ दिवसाचे सोळा तास झोपू शकतो आणि त्याचे जागेपण मुख्यतः संध्याकाळ, रात्र आणि पहाट यांत वाटलेले असते. म्हणजे आपली भेटीची वेळ आणि त्याची झोपेची वेळ जवळजवळ एकच. भर दुपारी वाघ निपचित दिसला तर तो आजारी नसतो. जंगलातला वाघही त्या वेळी असाच पडलेला असतो, जमलेच तर पाण्यात बसून. मांजरकुळात पाण्याची एवढी आवड फार थोड्यांना आहे. त्याला हालचाल करताना बघायचे तर उघडल्या उघडल्या पहिला तास किंवा चारनंतरचा वेळ हीच संधी. बिबट्या, अस्वल आणि तरस यांनाही हेच लागू पडते.

पाणघोड्याचा हिशेब वेगळा. तो दिवसाचा बराच वेळ पाण्यात काढतो आणि एका दमात पाच मिनिटांपर्यंत बुडून राहू शकतो. बहुतेक कुटुंबे तळ्याकाठी दोनतीन मिनिटे थांबतात, काही दिसत नाही म्हणून पुढे जातात आणि मागे फुसकन आवाज होतो. इथे नियम सोपा : घड्याळ लावून सहा मिनिटे थांबा. पाणघोडा पाण्याबाहेर आला की त्याच्या कातडीवर तांबूस ओलसर थर दिसू शकतो. त्याला रक्त समजून मुले घाबरतात. तो त्याच्या अंगातून पाझरणारा द्राव असतो आणि उन्हापासून कातडीचे रक्षण करतो.

मगर भर दुपारी जबडा उघडून पडलेली दिसते. तिला घाम येत नाही. तोंडाच्या आतल्या ओलसर कातडीवरून पाणी वाफ होऊन जाते आणि डोक्याला गारवा मिळतो. मगरीच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर आणि पाण्यावर अवलंबून असते, म्हणून ती दिवसभर ऊन, सावली आणि पाणी अशी जागा बदलत राहते. एका अर्थी आपण बागेत जे करायला हवे तेच ती करत असते. हरणे सकाळी चरतात आणि दुपारी झाडाखाली बसून रवंथ करतात. मुक्त विहार करणाऱ्या पक्ष्यांच्या दालनात सकाळी किलबिल असते आणि दुपारी शांतता.

राहिले पेंग्विन. सोलहून जुलै २०१६ मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला आणि मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडले. पुढे इथेच पिल्ले झाली आणि आज कळप मुळातल्या संख्येच्या दुपटीच्या आसपास आहे. हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या काठाला त्यांचे घर आहे. त्यांच्यासाठी दालनाचे तापमान १६ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते. बाहेर ३३ आणि आत १६ धरले तर फरक १७ अंशांचा.

दुपारी या दालनापाशी गर्दी होते ती पेंग्विनइतकीच गारव्याचीही असते. म्हणून क्रम दिवसावर ठरवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, रांग लहान असताना, बाहेरचे प्राणी आधी आणि पेंग्विन शेवटी. शनिवार-रविवारी उलट, दार उघडताच पेंग्विन. दोन्ही वेळी आत शिरण्यापूर्वी मुलांचा घाम पुसून घ्या. ओल्या कपड्यांवर एकदम १७ अंशांचा फरक सोसत नाही.

बेचाळीसातले चोवीस दिवस

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांची उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, साधारण सहा आठवडे असते. म्हणजे ४२ दिवस. बुधवारी बाग बंद असते, कारण देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांना आठवड्यातून किमान एक दिवस प्राण्यांना माणसांपासून विश्रांती द्यावी लागते. सहा बुधवार गेले, उरले ३६. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याचा प्रघात आहे, तेवढे पाहून घ्या. शनिवार-रविवारचे १२ दिवस वगळले तर सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार मिळून २४ दिवस हातात राहतात.

शनिवार-रविवार का टाळायचे? सुरुवातीचा ३२,८२० हा आकडा १ जानेवारी २०२३ चा. त्या दिवशी रविवार होता. त्याआधीचा विक्रम ६ नोव्हेंबर २०२२ चा, ३१,८४१ माणसांचा. तोही रविवार. ३२,८२० माणसे ३,२१३ झाडांमध्ये वाटली तर दिवसभरात एका झाडामागे दहा माणसे येतात. प्रत्येकजण तीन तास थांबला असे धरले, तर साडेआठ तासांच्या दिवसात कोणत्याही क्षणी सरासरी साडेअकरा हजार माणसे बागेत होती. एवढ्या गर्दीत चार फुटांच्या मुलाला समोरच्याची पाठ दिसते, बिबट्या दिसत नाही. १ जानेवारीचा तो दिवस तर थंडीतला होता. तेवढीच दाटी मेमधल्या हवेत कशी सोसेल, याची कल्पना करता येते.

रविवार टाळण्याचे दुसरे कारण मध्य रेल्वेवर आहे. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका आपल्या येण्याजाण्याच्या वेळी. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणहून येणाऱ्या कुटुंबाला परतीच्या उभ्या प्रवासात तो जाणवतो. नोकरीतून एक दिवसाची रजा घेणे शक्य असेल तर ती गुरुवारी किंवा शुक्रवारी घ्यावी. बुधवारची विश्रांती होऊन गेलेली असते आणि आठवडाअखेरची गर्दी अजून यायची असते. रजा मिळणे शक्य नसेल तर रविवारी साडेनऊच्या ठोक्याला दारात असणे, हा एकच उपाय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्याबद्दलही एक आकडा लक्षात ठेवावा. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. सुट्टीचे शेवटचे दिवस बागेसाठी राखून ठेवणाऱ्यांनी छत्रीही राखून ठेवावी.

अडीच तासांची वाटणी

आता प्रत्यक्ष फेरी. ५३ एकरांची जमीन चौकोनी आहे असे समजलो तर तिची एक बाजू सुमारे ४६० मीटर भरते आणि एक पूर्ण वेढा १,८५० मीटर. बाग खरोखर चौकोनी नाही, वाटाही वळणाच्या आहेत. म्हणून दोन किलोमीटरची चाल धरू.

लहान मुलांसोबत रमतगमत ताशी अडीच किलोमीटरच्या वेगाने दोन किलोमीटरला ४८ मिनिटे लागतात. सहा दालने निवडली आणि प्रत्येकी बारा मिनिटे दिली तर ७२ मिनिटे. पाणी, स्वच्छतागृह आणि सावलीतली बैठक यांना अर्धा तास. बेरीज १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. साडेनऊला आत शिरलेले कुटुंब बरोबर बाराला बाहेर पडते.

सहाच दालने का, असा प्रश्न मुले विचारतीलच. सहाऐवजी अठरा दालने घ्यायची तर त्याच अडीच तासांत प्रत्येकाला चार मिनिटे येतात. चार मिनिटांत पाणघोडा वर येत नाही, डोळे सावलीला सरावत नाहीत आणि झुडपामागचे अस्वल सापडत नाही. त्यामुळे आदल्या रात्री प्रत्येकाने आपापला एक प्राणी निवडावा आणि उरलेले दोन सगळ्यांनी मिळून. धाकट्याने निवडलेला प्राणी सर्वांत आधी, कारण सर्वांत आधी तोच दमतो.

पाण्याचा हिशेबही असाच करता येतो. मोठ्या माणसाला तासाला ३५० आणि मुलाला २०० मिलिलिटर धरले तर दोन मोठे आणि दोन मुले यांना अडीच तासांत पावणेतीन लिटर लागतील. येण्याजाण्याचे सव्वा लिटर मिळवले की चार लिटर. चार लिटर म्हणजे चार किलो वजन. ते एकट्या आईच्या पिशवीत न टाकता चार स्टीलच्या बाटल्यांत वाटून प्रत्येकाच्या खांद्याला लावावे. दर वीस मिनिटांनी दोनचार घोट, तहान लागो न लागो. घरून आणलेले कोकम सरबत किंवा मीठ घातलेले ताक असेल तर घामावाटे गेलेले क्षारही भरून निघतात. साडेसातला पोहे किंवा उपमा खाऊन निघावे. अकराच्या सुमारास काकडी आणि संत्र्याच्या फोडी पुरतात. जेवण बाहेर पडल्यावर.

भायखळा स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चार किलोमीटरवर आहे. मशीद बंदर, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली ती याच मार्गाने. स्थानकाच्या पूर्वेकडून बाग एक किलोमीटरच्या आतच आहे. सकाळी हे अंतर चालत जावे, मुलांना मौज वाटते. परतीला तेच अंतर बारानंतरच्या उन्हात, दमलेल्या पायांनी कापायचे असते. तेवढ्यापुरती टॅक्सी करणे ही चैन समजू नये.

शंभर रुपयांत काय येते

१ ऑगस्ट २०१७ पूर्वी मोठ्यांचे तिकीट ५ रुपये आणि मुलांचे २ रुपये होते. चौघांचे कुटुंब १४ रुपयांत आत जात असे. त्या दिवसापासून मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ रुपये झाले. वेगवेगळी काढली तर चार तिकिटे १५० रुपयांची होतात. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला मात्र १०० रुपयांचे एकत्र तिकीट ठेवले गेले. निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत आणि खिडकीवर कुटुंबाचे तिकीट असे आवर्जून सांगावे. न सांगता पन्नास रुपये जास्त गेल्याचे अनेकांना घरी आल्यावर कळते. १ जानेवारी २०२३ च्या त्या विक्रमी दिवशी तिजोरीत १३ लाख ७८ हजार रुपये जमा झाले. माणशी हिशेब ४२ रुपयांचा पडतो.

१४ वरून १०० ही वाढ सातपटीची आहे आणि रोजंदारीवरच्या कुटुंबाला ती जाणवते, हे मान्य करायलाच हवे. तरीही चौघांनी अडीच तास काढले तर १०० रुपयांत माणशी ताशी १० रुपये पडतात. बाहेर विकत घेतलेल्या एक लिटरच्या चार बाटल्यांना वीसच्या दराने ८० रुपये लागतात. घरचे पाणी नेले की तिकिटाचे बरेचसे पैसे तिथेच सुटतात. महाग पडतात ते आयत्या वेळचे खर्च, आणि ते बहुतेक सगळे दुपारी बारा ते तीन या वेळात, मुले रडायला लागल्यावर होतात.

बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडले. १९७५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. तेही बुधवारी बंद असते. उघडे असेल आणि मुले मोठी असतील तर मध्यान्हीचा एक तास तिथे छान जातो. संग्रहालयाबाहेर घारापुरीचा काळा दगडी हत्ती उभा आहे. याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो तुटला आणि तुकडे इथे आणून ठेवले गेले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले. आजी थकली असेल तर तिला त्या परिसरात सावलीला बसवून नातवंडांना ही गोष्ट तिच्याकडूनच ऐकवावी.

कलम ३८-जे

एक आकडा मुलांना तोंडपाठ करायला लावावा असा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधील कलम ३८-जे. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे या सगळ्यांना हे कलम मनाई करते. उल्लंघन करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कायदा आहे म्हणून गप्प राहा, असे मुलांना सांगून भागत नाही. कारण सांगावे. झोपलेल्या वाघाला उठवायला मारलेली एक हाक आपल्याला एक वाटते. गर्दीच्या दिवशी हजारात एकाने जरी ती मारली तरी त्याच्या वाट्याला बत्तीस हाका येतात, आणि तेही उष्म्याने जीव जड झालेला असताना. पाण्यात पडलेली एक प्लास्टिकची पिशवी पाणघोड्याच्या पोटात जाऊ शकते. आपण तिथे पाहुणे आहोत. कुणाच्या घरी दुपारी गेलो आणि यजमान झोपलेले असले तर आपण आवाज करत नाही, एवढे आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळते.

पुणेकरांसाठी तीन ओळी

हेच गणित कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाला लावता येते. तिथे १३० एकर जागा आहे, म्हणजे राणीच्या बागेच्या जवळजवळ अडीचपट. त्यातले ४२ एकर तळ्याचे. साप्ताहिक सुट्टी तिथेही बुधवारीच. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा सरासरी ३७-३८ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. तिथे पाणी चार लिटरऐवजी पाच घ्या आणि अख्खी बाग पायी पाहण्याचा हट्ट सोडा.

सावलीची फूटपट्टी

इतक्या आकड्यांतून मुलांच्या हाती एकच द्यायचा असेल तर मी सावलीचा देईन. घड्याळ, मोबाइल, नकाशा काही नको. आत शिरल्या शिरल्या मोकळ्या जागेत मुलाला उभे करा आणि त्याची सावली पावलांनी मोजायला सांगा. साडेनऊला त्याची स्वतःची सहा पावले भरतील. दर दालनानंतर पुन्हा मोजायला सांगा. सहाची चार होतील, चाराची दोन. मे महिन्याचा सूर्य वर चढतो म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथे नीट कळेल.

सावली एका पावलाएवढी झाली, की बाहेर पडायचे. चार फुटी मुलाची ती सात इंचांची सावली बाराच्या ठोक्याला पडते आणि आपला अडीच तासांचा हिशेबही तिथेच संपतो.

त्या शेवटच्या मोजणीनंतर त्याला दोन पावले सरकून मोठ्या झाडाखाली उभे राहू द्या. आता सावली कुठवर आहे, असे विचारा. तो मोजायला निघेल आणि दहा, वीस, तीस पावले चालूनही त्याची मोजणी संपणार नाही. त्या झाडाचे नाव खोडावरच्या पाटीवर असेल तर वाचून घ्या आणि घरी गेल्यावर पाहिलेल्या सहा प्राण्यांच्या यादीत ते सातवे म्हणून लिहायला लावा.